ठमीला बोलतं करण्याची रीतसर मोहीम

मूल बोलायला शिकतं ते घरातल्या मोठ्या माणसांमुळे, याबद्दल शास्त्राचं एकमत आहे. ते बोलायचं राहतं ते कोणामुळे, याबद्दल मात्र शास्त्राने आजवर सभ्यपणे मौन पाळलं आहे. या दुसऱ्या विषयात ज्या थोड्या घरांनी भरीव काम केलं, त्यांत तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर अग्रगण्य मानावं लागेल.

त्या घरात बोलण्याची टंचाई होती असं कोणी म्हणू शकणार नाही. नवरा रेडिओवर सामन्यांचं धावतं समालोचन करायचा. त्याच्या धंद्यात जरा शांतता पसरली की ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ बिघडला, आणि वरिष्ठांना वाटतं समालोचक बदलावा. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. उभी हयात त्यांनी एकाच प्रश्नावर काढली होती : "कोण बोलतंय ते?" (उत्तर देणारा शिक्षेस पात्र ठरत असल्यामुळे प्रश्न निवृत्तीपर्यंत अनिर्णित राहिला.) स्वतः डॉक्टरीणबाई तर दिवसभर लोकांच्या तोंडात आरसा, नळी आणि आपली दोन बोटं घालून "काय मग, सध्या काय चाललंय?" असं आपुलकीने विचारत. पेशंट "आँ" म्हणे. त्या "वा, छान!" म्हणत. आपल्याइतक्या मोकळ्या गप्पा गावातल्या कुठल्याच दवाखान्यात होत नाहीत, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आणि यांची ठमी (कागदोपत्री नाव वेगळं आणि बरंच लांब आहे) दीड वर्षाची होऊन गेली तरी चकार शब्द काढेना. कान तपासले, कान उत्तम. समजायचं तर सगळंच. बूट आण म्हटलं की बूट आणायची, तोही नेमका ज्याचा त्याला. शेजारचं तिच्याच वयाचं मूल "पाणी", "अजून", "माझं" एवढी मालमत्ता बाळगून होतं आणि जिन्यात भेटलं की ती उधळून दाखवत होतं. डॉक्टरीणबाई त्याचं तोंडभरून कौतुक करत, घरी येत आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडत. त्यांना फक्त "आई" ऐकायचं होतं. बाकी सगळं थट्टेवारी नेता येत होतं, एवढंच नेता येत नव्हतं.

शेवटी सगळं कुटुंब वाचातज्ज्ञ बाईंकडे गेलं. "दिवसभर जे जे कराल ते तिला सांगत जा," बाई म्हणाल्या, "आणि मग..." पण तेवढ्यात समालोचकांनी खोलीचं वर्णन सुरू केलं होतं. बाईंचं उरलेलं वाक्य, म्हणजे "मग गप्प बसा, तिच्याकडे बघा, तिची पाळी येऊ द्या," हे एकट्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर पडलं. ते इतर दोघांसाठी आहे, हे त्यांच्या ताबडतोब लक्षात आलं.

मोहीम सुरू झाली. सकाळचं सत्र समालोचकांकडे. "ठमीने चमचा उचललाय, डावा हात, चमचा पुढे सरकतोय, तोंड उघडलंय आणि... अरेरे! घास थेट जमिनीवर!" तोंड खरंतर काहीतरी म्हणायला उघडलं होतं, पण धावत्या समालोचनात मागे वळून बघता येत नाही. दुपारी आजोबा परीक्षा घेत. "हे काय? चेंडू. हे काय? फूल. शाब्बास." महिनाअखेरीस या परीक्षेत आजोबांना ब्याण्णव टक्के गुण पडले. (आठ टक्के चष्मा वेळेवर न सापडल्यामुळे गेले.) संध्याकाळी डॉक्टरीणबाई. एका पाहणीनुसार घरातले निम्मे शब्द बाबांचे, निम्मे आजोबांचे आणि उरलेले सगळे आईचे असत.

दुसऱ्या भेटीत बाईंनी तिघांनाही फैलावर घेतलं. "अहो, थांबता का मध्ये? ती बोलणार कुठे, फटीतून?"

लगेच त्याच संध्याकाळपासून थांबण्याचा स्वतंत्र कार्यक्रम ठरला. तिघेही ठमीभोवती बसले आणि तिच्या ओठांकडे टक लावून पाहू लागले. शांतता पसरली. समालोचकांच्या कपाळाला घाम सुटला.

"सर्वत्र प्रचंड उत्कंठा..." ते पुटपुटले.

"कोण बोलतंय ते?" आजोबा गरजले.

"अहो, गप्प बसा ना दोघं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठमीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती झोपी गेली.

मग एका रविवारी समालोचक सामन्याला गेलेले, आजोबा घोरत पडलेले. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या आणि ठमी भिजवलेलं बिस्किट मुठीत धरून खिडकीकडे बोट दाखवत होती. खिडकीत कबुतर बसलं होतं.

"कबुतर आहे ते! कसं आहे? राखाडी आहे ना? उडेल का? उडेलच हं आता. आवडलं तुला? आवडलं ना!"

ठमीने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"काय म्हणायचंय? सांग ना बाळा. कबुतर? कबुतर म्हणायचंय? म्हण ना!"

ठमी मांडीवर चढली. तिने आईच्या तोंडाचं जवळून निरीक्षण केलं आणि बिस्किटासकट आपली मूठ त्यात घातली, मनगटापर्यंत. दवाखान्याच्या कोपऱ्यात खेळण्यात तिचे बरेच दिवस गेले होते. मोठ्या माणसाला गप्प कसं करतात, हे तिने पाहिलं होतं.

"आँ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं आणि त्यातलं काहीही बाहेर येईना. आपल्या खुर्चीवर इतकी वर्षं माणसं कशी बसली असतील, हे त्यांना प्रथमच कळलं.

"आई," ठमी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आँ," त्या पुन्हा म्हणाल्या. ठमीने समजूतदारपणे मान हलवली.

"आई, गेलं."

कबुतर खरोखरच गेलं होतं. ठमीने मूठ बाहेर काढली आणि आईच्या तोंडाकडे बघत ती वाट पाहू लागली. डॉक्टरीणबाईंनी तोंडातलं बिस्किट गिळलं. शाब्बास, परत म्हण, बाबांना फोन करू या, असं बरंच काही जिभेवर आलं होतं, तेही गिळलं.

"गेलं," त्या म्हणाल्या, आणि गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली. ठमी आता तीन वर्षांची आहे आणि तिच्या तोंडाचा पट्टा डोळा उघडल्यापासून चालू असतो. आजोबांनी "कोण बोलतंय ते?" विचारलं की ती "मी!" म्हणून हात वर करते, त्यामुळे तोही जुना प्रश्न निकालात निघाला आहे. "गप्प बस गं जरा" हे वाक्य घरात बहुमताने मंजूर झालंय. डॉक्टरीणबाई तेवढ्या विरोधात मत देतात.

अशी माणसं असतात खरी, असं म्हणून तुम्ही हसला असाल. हरकत नाही. पण मघाशी, कबुतराच्या आसपास, तुमच्या गुडघ्याशी कोणीतरी येऊन काहीतरी सांगत होतं. तुम्ही मान वर न करता "वा, छान!" म्हणालात. बघा बरं आता मान वर करून.

गेलं.