वाडीचा गॉगल

गावात एखादी वस्तू एकच असली, की ती कुणा एकाची राहत नाही. आमच्या वाडीत शिडी एक, पाटा एक आणि गॉगल एक. (गॉगल केतनने स्वतःच्या लग्नासाठी शिळफाट्यावरून आणला. तो त्याने घातला अर्धा तास; पुढची तीन वर्षं वाडी घालते आहे.)

श्रावणात दामूकाकांचे डोळे आले. आलेल्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा समाजाच्या रक्षणार्थ रुग्णाने गॉगल लावावा, असा ठराव विहाराच्या ओट्यावर एकमताने झाला. वाटपाची जबाबदारी माझ्याकडे आली.

नियम साधे. डोळे आले की गॉगल न्यावा, उतार पडला की पुढच्या रुग्णाला द्यावा, देताना पुसून द्यावा. (पुसायला सदऱ्याचं टोक. डोळेही त्यानेच पुसलेले असल्यामुळे कापड मऊ असतं.) पहिल्या आठवड्यात रुग्ण एक, गॉगल एक. दुसऱ्या आठवड्यात रुग्ण अकरा, गॉगल एक. यावरून गॉगल किती कमी पडतो आहे, हे सिद्ध होतं.

विरोध एकटीचा होता. चंद्रभागाआजीची नात दीक्षा. शुक्रवारी अलिबागला तिची पोलीस भरती होती. दोन वर्षं ही पोर रोज सकाळी कोंडाणे लेण्यांच्या रस्त्याने धावते आहे, पावसातसुद्धा. ती म्हणाली, "आजी, बघून नाय होत गं. हातानं होतं, टॉवेलानं होतं. त्या गॉगलानं होतं. साबणानं हात धुवा."

"डोळं आलंत नि हात कशाला धुवायचं गं?" आजी म्हणाली. प्रश्न बिनतोड होता.

दीक्षाने आपला टॉवेल वेगळा केला, कुणाच्या जवळ येईना. "अजून पोलीस झाली नाय, नि आमाला आरोपी धरते!" दामूकाका म्हणाले.

पण पोर आमचीच. वाडीतली पहिली पोलीस होणार, म्हणून आम्हालाच घोर लागलेला. तिचे डोळे येऊ नयेत म्हणून मंगळवारी तातडीची सभा घेऊन रांगेतल्या सात रुग्णांनी आपापली पाळी दीक्षासाठी सोडली. (आणि लोक म्हणतात, गावात एकी नाही!) दुपारी ती झोपली असताना आजीने पदराने गॉगल पुसला आणि अलगद तिच्या डोळ्यांवर चढवला. आजीचे स्वतःचे डोळे त्याच सकाळी आले होते, तरी तिने माया आवरली नाही.

शुक्रवारी उजाडलं ते दीक्षाचे दोन्ही डोळे चिकटलेले. तशीच गेली. अलिबागच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख देऊन परत पाठवलं. ती रडत एसटीतून उतरली तेव्हा तिची पिशवी मीच घरापर्यंत नेली. आजी तर दोन दिवस जेवली नाही. ओट्यावर समिती नेमून चौकशी केली आणि दोष अलिबागकरांच्या नजरेचा निघाला. (डोळे वाडीतच आले होते; परंतु तारखा चौकशीच्या कक्षेत येत नव्हत्या.)

आता दीक्षाने प्रत्येक नळाला जाळीच्या पिशवीत साबण बांधून ठेवलाय. सगळ्यात आधी हात धुते ती आजी. बाकी वाडी साबण बघून जाते.

तुम्ही हसत असाल. शहाणी माणसं तुम्ही, हसा. पण वाचायला बसल्यापासून तुमचा हात दोनदा तरी डोळ्याकडे गेला, हे खरं ना? धुतलेला होता?

असू द्या, लाजू नका. गॉगल सध्या मोकळा आहे.