बशीरभाईंचा कान आणि माझी नोकरी

बशीरभाई जिलेबीसुद्धा मोडून आत बघितल्याशिवाय खात नसत. दिग्रसच्या आमच्या जिनिंगमध्ये ते कापसाचे ग्रेडर. जन्मभर गाडीच्या तळातून कापूस उपसून तपासल्यामुळे कशाच्याच वरच्या थरावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. "आतलं दाखव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवी सायकल घेताना दुकानदाराला चाक खोलायला लावलं होतं.

माझं काम त्यांच्या कानाला फोन धरण्याचं. हसू नका, त्याचा पगार मिळायचा. गाडीवर चढून ते दोन्ही हातांनी कापूस उपसायचे, चिमूट ताणून धागा बघायचे आणि यवतमाळला बसलेल्या शेठना तिथल्या तिथे माल कसा आहे ते सांगायचे. हात मोकळे नसत, म्हणून मागोमाग मी चढायचो आणि मोबाइल धरून उभा राहायचो. असे नऊ हंगाम गेले.

मग कापसाची पडती सालं आली. आवक रोडावली, शेठनी माणसं कमी करायला घेतली आणि एके दिवशी बिनतारी हेडसेट पाठवला. "पंधरा दिवस वापरून पाहा, बशीरभाई. चांगला निघाला तर राठोडला सुट्टी देऊन टाकू." राठोड म्हणजे मी, आणि हे त्यांनी सांगितलं तेव्हा फोनही मीच धरला होता.

वस्तू करंगळीएवढी, पण घरात सवत आल्यावर बाईचं जे होत असेल ते माझं झालं. बशीरभाई फुंकर मारून त्या हेडसेटवरचे तंतू उडवायचे, रुमालात गुंडाळून तो खिशात ठेवायचे. माझ्या हाताला रग लागली का, हे नऊ हंगामांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी नुसता जळत होतो.

तपासणी मात्र बशीरभाईंच्या पद्धतीची. गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात बोलून झालं, नेरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून बोलून झालं, भजी खाताना, ट्रकखाली आडवं पडूनही झालं. पलीकडच्याला एकच सवाल, "मी कुठून बोलून राह्यलो सांगा बरं?" "बाजूच्या खोलीतून," असं उत्तर आलं की मी नोकरीचे उरलेले दिवस मोजायचो. एकदा नमाजला जाताना हेडसेट माझ्या हाती देऊन गेले. शेजारीच पाण्याची बादली होती. मी बादलीकडे बराच वेळ बघत बसलो.

पंधराव्या दिवशी शेठचा फोन आला. बशीरभाई गाडीवर, आणि सवयीनं मीही शेजारी.

"काय बशीरभाई, कसा आहे हेडसेट?" शेठचा आवाज मलासुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"हॅलो, कोण बोलून राह्यलं?" बशीरभाई ओरडले.

"मी बोलतोय. येतंय का ऐकू?"

"काहीच येत नाही, शेठ. नुसती खरखर. फरदड माल हाय हा, वापस घेऊन जा."

फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका कापूस. चांगल्या मालाला फरदड म्हणताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माल हलका निघाला तेव्हा सख्ख्या भावाचीही गाडी त्यांनी फाटकातून परत पाठवली होती. मला माझ्या जळफळाटाची लाज वाटली.

"भाई, चांगला तं होता," फोन बंद झाल्यावर मी म्हणालो.

"मले ठाऊक हाय." त्यांनी तो कानातून काढला. "फोन ठेवला का मुका होते तो. तुयी भाबी गेल्यापासून घरी कोनी बोलाले नाही. इथंबी नसलं तं दिवसभर म्या कोनासंग बोलू?"

मी खिशातून मोबाइल काढला.

"चाल, लाव शेठले फोन. अन् नीट धर. हाताले रग लागली तं सांगजो."