कोऱ्या दातांची परीक्षा

तपासनीस हरिहररावांनी भाताचा दाणा दाढेखाली धरला, दाबला आणि सरकारी कोठाराच्या पायरीवर थुंकून टाकला. "ओलं. परत न्या."

महिपतच्या मस्तकाची शीर उठली. लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायचं, भात घेऊन शीळफाट्याहून खाडीकाठच्या या कोठारावर यायची त्याची ही दुसरी खेप. बैल मेव्हण्याचे, आणि मेव्हणा ते परत मागायला रोज निरोप धाडत होता.

"सायेब, आठ दिस खळ्यावर वाळवलाय. काल सांजचा दाणा कडाकडा वाजत होता."

"काल मी चावला नव्हता."

"मग का नाय चावलात? मी समोरच उभा होतो ना."

त्याला कारण होतं. हरिहरराव दिवसभर पान खात. रंगलेल्या दातांना ओलं-सुकं कळत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत. म्हणून नमुना संध्याकाळी घ्यायचा, ताटलीत घालून खिडकीत ठेवायचा आणि सकाळी चूळ भरून कोऱ्या दातांनी तपासायचा. खिडकी उघडत होती थेट खाडीवर. रात्रभर ती दमट हवा पिऊन दाणा मऊ पडतो, हे कोठारात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

महिपत दातओठ खात घरी गेला. तिसऱ्या खेपेला बायकोला, हौसाबाईला, सोबत घेऊनच आला. संध्याकाळी नमुना दिला आणि त्याच ताटलीत तिनं तळलेला कुरकुरीत पापड ठेवला.

सकाळी तो गरजला, "सायेब, आधी पापड चावा."

पापड चामड्यासारखा वाकला. हरिहरराव बराच वेळ तो चघळत राहिले. माणूस कडक, पण खोटा नव्हता.

"तुझं बरोबर आहे महिपत. पंधरा दिवस मी भात नाही, हवाच चावतोय."

"दोनदा मला बैल फुकट दामटवायला लावलेत. आता लिवा, पास."

"लिहितो की. पण आता न्याय सरळ करू. पोत्याला काही खिडकी नसते. मधलं पोतं सोड आणि आतला दाणा दे. आज मी पान खाल्लेलं नाही."

महिपत जागचा हलेना.

हौसाबाई कुजबुजली, "सोडा ना. आता का गप?"

"कसा सोडू? वाळवलेला घरी ठेवलाय. हा मेला ओलाच म्हणणार, म्हणून रागात परवाचा झोडलेला तसाच भरलाय."

हौसाबाई बैल जुंपायला गेली.