बाबांच्या कपाळावरचा शिक्का

“बाबा, तुमच्या निरोपसमारंभाच्या दिवशी माझी पहिली कमाई तुमच्या हातावर ठेवतो! नाही ठेवली, तर एक तारखेपासून मामाच्या दुकानात प्लायवूड मोजतो!”

बारक्याने हे जेवता जेवता, तोंडात घास असताना जाहीर केलं. बाबांनी घास गिळायचीही वाट बघितली नाही. डाव्या हाताने मामाला फोन लावला. “एक तारखेपासून मुलगा येतोय. हो, हो, अंगाने मजबूत आहे!”

मजबूत होताच. बारक्या हे नाव पडलं तेव्हा तो सात महिन्यांचा होता. आता तो बसला की फिरती खुर्ची सुस्कारा टाकून इंचभर खाली जायची. त्याच खुर्चीत बसून, व्हिडिओ बघून बघून तो डिझाइन शिकला होता आणि तीन महिन्यांपासून फ्रीलान्सर झाला होता. म्हणजे घरबसल्या कमाई करणारा. त्यातलं घर जमलं होतं, बसणंही उत्तम जमलं होतं. कमाईचं तेवढं राहिलं होतं.

असं नाही की काम नव्हतं! काम ढीगभर होतं. ऑनलाइन भेटलेला एक फर्निचरवाला होता, प्रोफाइलवर सिंहाचा फोटो. त्याचा पहिलाच मेसेज असा: “ब्रो, पहिलं काम नमुना म्हणून कर. आवडलं तर वर्षभराचं काम!”

वर्षभराचं काम! बारक्याने त्या रकमेतून मनातल्या मनात नवी खुर्चीसुद्धा घेतली.

फर्निचरवाल्याला लोगोत घोडा हवा होता. खुर्च्या-टेबलं विकायला घोडा कशाला, हे विचारायचं बारक्याच्या जिभेवर आलं होतं, पण गिऱ्हाइकाला कोण दुखवणार? घोडा काढला. मग “घोडा जरा हसरा कर.” हसरा केला. “फार हसतोय, विश्वास वाटत नाही.” गंभीर केला. “आता आजारी वाटतो.” असे अकरा घोडे झाले! अकरावा पाठवल्यावर उत्तर आलं, “ब्रो, पहिलाच बरा होता.” आणि त्यानंतर सिंह जो गुहेत शिरला, तो बाहेर आलाच नाही.

“दिवसभर घोडे काढतोस,” आई म्हणायची, “त्यांच्या दाणापाण्याचं काय?”

पंधरा दिवसांनी बारक्याला तोच घोडा फर्निचरवाल्याच्या पेजवर दिसला. टेम्पोवर रंगवलेला, ऐटीत उभा! फरक एवढाच, की बारक्याचा घोडा उजवीकडे बघत होता आणि हा डावीकडे. बहुधा बारक्याकडे बघायची त्याला लाज वाटत असावी.

“फुकट दिलासच कसा?” ताई ओरडली. ताई एक्स-रे केंद्रात कामाला. “आमच्याकडे पावती फाडल्याशिवाय मोडलेलं हाडसुद्धा दाखवत नाहीत!”

हे बारक्याच्या डोक्यात बसलं. त्याने दुपारभर खटपट करून कॉम्प्युटरमध्ये एक सोय करून टाकली. इथून पुढे कुठलीही फाइल बाहेर पडताना तिच्यावर आपोआप तिरका शिक्का बसणार: ‘पैसे दिलेले नाहीत’. अगदी फिकट, पाण्याच्या डागासारखा. पैसे आले की शिक्का काढायचा आणि स्वच्छ फाइल द्यायची. काय बिशाद आहे आता कोणाची!

इथवर सगळं झकास होतं. कुणी काम देतच नव्हतं, त्यामुळे शिक्का कुणाला दिसतही नव्हता.

निरोपसमारंभ चार दिवसांवर आला. कमाई शून्य. मामाने निरोप धाडला, “येताना जुने कपडे घालून ये.” पैसे नाहीत तर निदान काम तरी दाखवू, म्हणून बारक्या बाबांना म्हणाला, “तुमच्या समारंभाचा फलक मी करतो. फुकट!”

“फुकट करण्यात तुझा हात कोण धरणार!” बाबा म्हणाले. पण फोटो काढायला लगेच कोट घालून उभे राहिले.

बाबा पतसंस्थेत वसुली अधिकारी होते. चौतीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन हप्ते मागत होते. बारक्याने त्यांचा फोटो मोठा घेतला, मागे उगवता सूर्य टाकला, खाली ‘प्रामाणिक सेवेची चौतीस वर्षे’ लिहिलं आणि फाइल फ्लेक्सवाल्याला मोबाइलवरून पाठवून दिली. शिक्क्याची आठवण? छे! मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर तो दिसलासुद्धा नाही.

समारंभाच्या दिवशी बारक्या उशिरा पोचला. दारातच फ्लेक्सवाला भेटला, चेहरा कसा खुललेला.

“दादा, तुमची काही अक्षरं फारच फिकट होती हो! मी लाल करून चांगला उठाव दिला. त्याचे वेगळे पैसे नकोत, आपलंच काम आहे!”

“कुठली अक्षरं?”

बारक्याने वर बघितलं. दहा फुटी बाबा कोटात हसत होते. मागे सूर्य उगवत होता. आणि बाबांच्या कपाळापासून डाव्या खांद्यापर्यंत, लालभडक, वीतभर जाडीची अक्षरं: ‘पैसे दिलेले नाहीत’! खाली: ‘प्रामाणिक सेवेची चौतीस वर्षे’.

बारक्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता प्लायवूड मोजायला पळावं.

व्यासपीठावर व्यवस्थापक साहेब बाबांना द्यायचं ‘येणे बाकी नाही’ हे प्रमाणपत्र घेऊन उभे होते. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. मग वर फलकाकडे. मग पुन्हा कागदाकडे. आणि कागद हळूच फाइलीत परत घातला.

“फाइल एकदा तपासून घेऊ या,” ते पुटपुटले. “तिथे लेखी आहे.”

“अहो साहेब, ते माझ्या मुलाने लिहिलंय!” बाबा कळवळून म्हणाले.

“म्हणजे घरातल्या माणसाची साक्ष!”

पहिल्या रांगेत आईने पदराने तोंड झाकलं. ताई मात्र एक्स-रे बघावा तसा मान तिरकी करून फलक वाचत होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

बारक्या शिडी शोधत धावला. शिडी मांडववाल्याकडे होती. हा मांडववाला म्हणजे बाबांचा जुना ‘आजार’. चौदा हप्ते थकलेले. बाबा त्याच्या पुढच्या दाराने शिरले की हा मागच्या दाराने ताडपत्री घेऊन बाहेर! आज समारंभाचं काम मिळालं म्हणून तो नाइलाजाने तोंड चुकवत खुर्च्या लावत होता. आत्ता तो फलकासमोर पुतळ्यासारखा उभा होता.

“काका, शिडी द्या! लवकर!”

“हे… हे कधीपासून सुरू केलं यांनी? थकबाकीदारांचे फोटो लावायचं?”

“तसं नाही हो काका, ते…”

“वसुली अधिकाऱ्याला सोडलं नाही! दहा फुटी लावलाय! माझा केवढा लावतील?”

आणि मांडववाला शिडी तिथेच टाकून शेजारच्या खोलीत पळाला. तिथे संस्थेची खिडकी उघडी होती. त्याने कनवटीचे सगळे पैसे काढून पाच हप्ते एकदम भरले! त्याला धापा टाकत पावती घेताना बघून सोडावॉटरवाला उठला. त्याच्यामागे झेरॉक्सवाला. मग ज्यांना सभासद म्हणून बोलावलं होतं, त्यातले निम्मे खुर्च्या सरकवून रांगेला लागले. पुढचा मागच्याला सांगत होता, “रविवारी आपले लागणार आहेत म्हणे. रंगीत!”

बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी झाली तेवढी वसुली आधीच्या सबंध सहामाहीत झाली नव्हती! कॅशियरने आकडा सांगितला तेव्हा साहेबांनी फाइल न तपासताच प्रमाणपत्र बाहेर काढलं.

“फलक कोणी केला?”

बारक्याने हात अर्धाच वर केला.

“वसुली महिन्यासाठी असे दहा कर. माणसांचे फोटो नकोत, ते नियमात बसत नाही. नुसती ती लाल अक्षरं. आधी दोन-तीन नमुने करून आण, मंडळाला आवडले तर…”

“हो साहेब! उद्याच आण…”

बारक्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या खांद्यावर हात पडला. वर लाल अक्षरांतले दहा फुटी बाबा, खाली खरे साडेपाच फुटी.

“साहेब,” बाबा अतिशय गोड आवाजात म्हणाले, “घरी सगळे बरे आहेत ना? निम्मे आधी द्या.”

त्याच आवाजाने चौतीस वर्षं लोकांनी कपाटं उघडली होती. साहेबांनीही खिडकीकडे खूण केली. पाचच मिनिटांत बारक्याच्या हातात पाकीट आलं. पहिली कमाई! अगदी ठरल्या दिवशी! त्याने वाकून ते पाकीट बाबांच्या हातावर ठेवलं.

बाबांचे डोळे भरले. भरल्या डोळ्यांनीच त्यांनी नोटा मोजल्या, दहा टक्के काढून कोटाच्या खिशात घातले आणि पाकीट परत दिलं.

“हे काय?”

“वसुलीचं कमिशन. आणि त्या घोडेवाल्याचा नंबर दे.”

घोडेवाल्याला बाबांनी रोज सकाळी नऊला फोन करून फक्त तब्येत विचारली. पाचव्या दिवशी पैसे जमा झाले. ही बातमी बारक्याच्या ऑनलाइन मंडळीत पसरली आणि आठवड्याभरात बाबांकडे तेरा फ्रीलान्सरांची थकबाकी आली! घरात दुसरी फिरती खुर्ची आली. बाबांसाठी.

एका सोमवारी बाबा आपली खुर्ची वळवून म्हणाले, “मलाही एक लोगो लागेल रे. वसुली सल्लागार असा. रुबाबदार पाहिजे.”

“करतो की!” बारक्या आता पक्का झाला होता. “निम्मे आधी.”

“बापाकडे?” बाबांनी चष्म्यावरून बघितलं. “ब्रो, पहिलं काम नमुना म्हणून कर. आवडलं तर वर्षभराचं काम!”

बारक्याने केले. अकरा केले. अकरावा नीट निरखून बाबा म्हणाले, “पहिलाच बरा होता.”