एका मनगटाची वाडी

आमच्या वाडीत आजारी माणसाने डॉक्टरकडे जाण्याची पद्धत नाही. आजारी माणूस पडवीत झोपतो आणि डॉक्टरकडे धडधाकट माणूस जातो. यात अडाणीपणा काही नाही. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून डांबरी रस्ता गाठायचा, जयगडहून येणाऱ्या एसटीची वाट बघायची आणि गाडी भरून आली की रत्नागिरीपर्यंत लोंबकळत जायचं. हे ज्याला झेपतं तो आजारी नसतो आणि जो आजारी असतो त्याला हे झेपत नाही. दवाखान्यात पोचलेला माणूस निरोगीच असणार, हे शास्त्र आमच्याकडे जुनं आहे.

वाडीने हे काम केरूकाकांकडे सोपवलं होतं. केरूकाका म्हणजे कलमाच्या शेंड्यावरचा आंबा उतरवणारा आणि शिमग्याच्या नमनात सोंग घेणारा गडी. महिन्यातून एकदा ते वाडीचे सगळे आजार घेऊन शहरात जात आणि औषधांची पिशवी घेऊन परत येत. दवाखान्यात ते नुसतं सांगत नसत, करून दाखवत. माझी आते सुंदराबाई खोकते तसं खोकत, गोदा चालते तसं लंगडत. मोठे डॉक्टर डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "केरू, हा खोकला मागच्यापेक्षा ओला वाटतो. पुन्हा कर बघू." शंका आलीच, तर रविवारी स्कूटर काढून स्वतः वाडीवर येत, आजाऱ्याचं मनगट धरून बराच वेळ नाडी बघत आणि मग चहा मागत. ही व्यवस्था कुठल्याच नियमात बसत नव्हती आणि माणसं जगत होती.

मग मोठे डॉक्टर निवृत्त होऊन वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि खाली त्यांचे चिरंजीव, छोटे डॉक्टर रितेश, यांनी दवाखाना हातात घेतला. महिन्याभरात प्रतीक्षालयात एक यंत्र उभं राहिलं. त्याचं अधिकृत नाव 'एकात्मिक प्रकृती-पडताळणी स्तंभ'. लोक त्याला खांब म्हणू लागले. मोबाइल नंबर सांगायचा, फोनवर आलेला ओटीपी टाकायचा, खांबाच्या खोबणीत हात घालायचा. रक्तदाब, साखर, नाडी, वजन, चेहऱ्याचा फोटो, सगळं खांब घेतो, रोग ठरवतो आणि नातलगांच्या मोबाइलवर कळवतो. खांबाने तपासल्याशिवाय गोळी मिळणार नाही, असा नियम झाला.

केरूकाका सवयीप्रमाणे सुंदराबाईचा खोकला काढू लागले, तेव्हा काउंटरवरची ज्ञानेश्वरी म्हणाली, "काका, आता खोकायचं नाही. पेशंटचा फोन आणलाय?"

"नाय."

"फोन लागेल. आणि हात लागेल."

"हात कुणाचा?"

ज्ञानेश्वरीने माहितीपुस्तिका उघडून पाहिली. "कुणाचा ते लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला केरूकाका वाडीतले सगळे फोन कापडी पिशवीत घालून आले आणि प्रत्येकाच्या नावाने आपला हात खोबणीत घालत गेले. एकच माणूस इतक्या नावांनी येतो आहे, हे खरं तर खांबाला खटकायला हवं होतं. पण ती सोय महागड्या आवृत्तीत होती.

वाडीची प्रकृती झपाट्याने सुधारली. पडवीतून न उठणाऱ्या सुंदराबाईची फुप्फुसं पोहणाऱ्यासारखी निघाली आणि तिला व्यायामशाळेत सवलत मिळाली. मैनाला सातव्या महिन्यात संदेश आला की गरोदरपणाची लक्षणं नाहीत, मात्र मिशी निरोगी आहे. सगळ्यांच्या गोळ्या बंद झाल्या. आधी लोकांना बरं वाटलं. आपण ठणठणीत आहोत हे आजवर त्यांना कुणी छापील स्वरूपात कळवलंच नव्हतं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीने 'आदर्श प्रकृती वाडी' असा फलक लावला. पुण्याहून एक आहारतज्ज्ञ बाई आल्या आणि गोदाला विचारू लागल्या, "मावशी, तुमच्या आरोग्याचं गुपित काय? कुळीथ की कोकम?"

"आमी डाक्टरकडं जात नाय," गोदा म्हणाली. बाईंनी ते खाली 'प्रतिबंधात्मक जीवनशैली' असं टिपून घेतलं.

माझे वडील, दत्ताराम, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर माइकवरून गाड्यांची घोषणा केलेली. मी शहरात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, ते वाडीत. त्यांचीही रक्तदाबाची गोळी बंद झाली होती. एका शनिवारी मी घरी गेले, तर ते पाखाडीच्या निम्म्यातच बसलेले दिसले. दम लागला होता. मी रिक्षा करून त्यांना तडक दवाखान्यात आणलं. वाडीच्या इतिहासात आजारी माणूस स्वतः दवाखान्यात येण्याची ही पहिली वेळ. खांबाची तशी तयारी नव्हती.

बाबांनी खोबणीत हात घातला. लाल दिवा लागला. 'ओळख पटली नाही.'

"काका," ज्ञानेश्वरी कळवळून म्हणाली, "तुम्ही ते नाही आहात."

"मग कोण आहे मी?"

"ते खांब सांगत नाही. नुसतं नाही म्हणतो."

छोटे डॉक्टर बाहेर आले. "आजोबा, रेकॉर्डवरचे दत्ताराम एकदम फिट आहेत. तुमची तब्येत मात्र बरी दिसत नाही. अशा अवस्थेत दुसऱ्याच्या नावावर तपासून घेणं योग्य नाही."

"मग माझ्याच नावावर तपासा."

"नाव सांगा."

"दत्ताराम."

"ते नाव घेतलेलं आहे."

मी आवाज चढवून सगळा प्रकार सांगितला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतला. तक्रारीची सोय आहे म्हणाले, फक्त आधी तक्रारदाराची ओळख खांबावर पटवावी लागते. बाबांना हसू आलं. "रसिका, चल. मी गाडी उशिरा आहे म्हणून खरं सांगायचो, तर लोक शिव्या द्यायचे. हा खांब खोटं सांगतो, तर फलक लागतो. ह्याच्याकडं शिक बघ काहीतरी."

आम्ही मागच्या जिन्याने वर गेलो. मोठे डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, बाबांचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. खालून खांबाची पिपाणी ऐकू येत होती.

"दत्ताराम," शेवटी ते म्हणाले, "हे तुमचंच आहे."

गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे बाबा दर मंगळवारी जिन्याने वर जात, गोळीपेक्षा गप्पा मारायलाच जास्त. मागच्या मार्गशीर्षात ते झोपेत गेले. आदल्या रात्री तिसऱ्यांदा सार मागून घेतलं होतं, तेव्हा त्यांची काही तक्रार नसावी.

त्यांची नोंद बंद करायला मी खाली दवाखान्यात गेले. मृत्यूची नोंद करण्यासाठी रुग्णाने स्वतः खांबासमोर येऊन संमती द्यावी लागते, असं कळलं. मी आणखी एकदा जाऊन विनंती केली. त्यानंतर गेले नाही. बाबांचा फोन केरूकाकांच्या पिशवीतच राहिला होता. त्यांनी तो काढला नाही, मीही काढा म्हटलं नाही. "येक हात जास्तीचा ठेवायला माजं काय जातंय?" एवढंच ते म्हणाले. दर महिन्याला माझ्या मोबाइलवर संदेश येई : 'श्री. दत्ताराम यांची प्रकृती उत्तम आहे.' मी तो वाचत असे आणि कामाला लागत असे.

मग एका दुपारी ग्रंथालयात पुस्तकं लावताना वेगळाच संदेश आला. 'आपले वडील श्री. दत्ताराम यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. प्रकृती गंभीर. तातडीने संपर्क साधावा.'

बाबा गेल्यावर अनेकांनी माझं सांत्वन केलं होतं. त्यांचं हृदय अजून चालू आहे असं ठामपणे कुणी म्हटलं नव्हतं. मी तो संदेश पुन्हा वाचला. मग ते हृदय कुणाचं आहे हे लक्षात आलं आणि चपला न शोधताच मी रिक्षात बसले.

दवाखाना ओस पडला होता. खांबावर सबंध वाडी एकाच वेळी लाल झाली होती. साथ आली असं ठरवून छोटे डॉक्टर, नर्सा आणि मिळाल्या तेवढ्या रुग्णवाहिका वाडीकडे धावल्या होत्या. मागे काउंटरवर ज्ञानेश्वरी होती आणि बाकावर केरूकाका. मांडीवर फोनांची पिशवी, कपाळावर घाम. पिशवीतले फोन एकामागून एक वाजत होते.

"काय गो रसिका," ते म्हणाले, "वाडीत साथ आली म्हनं. सगळी तकडं गेली. माला फोन राखाय बसवलान."

"तुम्हाला काय होतंय?"

"माला? माजं नाव कुटं हाय हितं?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "हितं वायच जड लागतंय. पन ते कुनाचं, ते काय माला कळत नाय. आज सगळ्यांचं केलंय ना."

मी जिन्याखालून हाक मारली. मोठे डॉक्टर होते तसे खाली आले. मनगट धरलं. या वेळी त्यांना डोळे मिटावे लागले नाहीत. "केरू, हे तुझं आहे रे. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी घेऊन आलास." जिभेखाली गोळी ठेवून ते ज्ञानेश्वरीला म्हणाले, "रुग्णवाहिका मागव. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, आत्ताच."

"सर, खांबाने ओळखल्याशिवाय ती येत नाही. आणि ह्यांची नोंदच नाही."

आम्ही केरूकाकांना खांबाशी नेलं. त्यांनी हात घातला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'हा हात परिचित आहे. कृपया आपले नाव निवडा.' खाली सगळी वाडी होती. सुंदराबाई, गोदा, मैना.

मी बाबांचं नाव दाबलं.

हिरवा दिवा लागला. 'नमस्कार, दत्ताराम.' वाडीच्या वाटेवरची एक रुग्णवाहिका अर्ध्यातून वळली आणि थोड्याच वेळात दाराशी येऊन थांबली. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांना गाड्या लावून दिल्या. त्यांच्या नावाने लागलेली ही पहिलीच, आणि वेळेवर.

केरूकाका वाचले. घरी सोडताना हॉस्पिटलने दिलेला कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला. वर बाबांचं नाव होतं आणि खाली 'प्रकृती समाधानकारक'. "घे," ते म्हणाले, "बापूस बरा झाला तुजा."

तिकडे वाडीत पथकाला एकही रुग्ण सापडला नव्हता. सुंदराबाईने सगळ्यांना कोरा चहा पाजला. साथ तासाभरात आटोक्यात आणल्याबद्दल कंपनीने छोट्या डॉक्टरांचा सत्कार केला. सत्कारात त्यांनी कळकळीने आवाहन केलं की यापुढे प्रत्येक रुग्णाने स्वतःच खांबापाशी यावं. वाडीने सभा भरवून हे आवाहन एकमताने मान्य केलं आणि ते डॉक्टरांना कळवायला गोदाला पाठवलं, कारण केरूकाकांना विश्रांती सांगितली होती.

साथीनंतर खांब सगळ्यांचे हात नव्याने नोंदवून घेत होता, म्हणून गोदा जाताना फोनांची पिशवी घेऊन गेली आणि प्रत्येकाच्या नावाने आपला हात घालून आली. तेव्हापासून वाडीतल्या झाडून सगळ्या पुरुषांच्या अंगात रक्त कमी आहे. बाबांनाही लोहाच्या गोळ्या सांगितल्या आहेत.

तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला असेल, तर अभिनंदन. त्यावर नाव तुमचंच असेल, याबद्दलही शंका नाही. फक्त वेळ मिळाला तर एवढं आठवून बघा, तुमचं मनगट शेवटचं कुणी धरलं होतं?