जाहिरात विचारणारे बोरकर

आजारी माणसाला भेटायला आलेले लोक तब्येत विचारतात. निदान औषध कुणाचं चालू आहे ते विचारतात आणि तो डॉक्टर कसा बोगस आहे ते सांगून जातात. मला कावीळ झाली तेव्हा समोरच्या दारातले बोरकर आले, माझे पिवळे डोळे बघितले न बघितले केले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काय सामंत, आज वर काय दिसतंय?"

मी छताकडे पाहिलं आणि पंखा दिसतोय म्हणून सांगितलं.

"पंखा नाही हो! फोरमवर. तुमच्याकडे बॅनर कुठला आलाय?"

"बोरकर, मी चार दिवस अंथरुणातून उठलेलो नाही."

"मग तेवढ्यापुरतं उठा. काँप्युटर इथेच तर आहे, हाताशी."

मी उठलो. बोरकरांपुढे न उठून सांगता कुणाला? तो माणूस हलत नव्हता. म्हणजे खोलीभर हलत होता, येरझाऱ्या घालत होता, माझ्या औषधांच्या बाटल्या उलट्यासुलट्या करून बघत होता, पण दाराबाहेर काही जात नव्हता. काँप्युटर सुरू झाला, पान उघडलं, वर लग्न जमवणाऱ्या कुठल्याशा मंडळाची जाहिरात चमकत होती. बोरकरांनी ती वाचली, "बरं" म्हणाले आणि निघून गेले. तब्येत त्यांनी शेवटपर्यंत विचारली नाही.

ही गोष्ट इंटरनेटच्या वायरीसाठी लोक केबलवाल्याच्या हातापाया पडत, त्या काळातली. आम्ही दोघंही मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कात राहायचो. मी गिरगावातून आलो होतो, बोरकर परळहून. सरकारी नोकरीतून मुदतीआधीच निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून हा माणूस बसलेला मी पाहिला नाही. चहा उभ्यानं, पेपर चालत चालत. काँप्युटरसुद्धा त्यांनी कपड्यांच्या उंच कपाटाशेजारी स्टुलावर स्टूल ठेवून असा बसवला होता की टाइप करायचं तर उभंच राहायला हवं. एकदा मी विचारलं, पाय दुखत नाहीत का? तर म्हणाले, "बसलं की डोकं चालू होतं, सामंत."

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच त्यांनी अचानक एक फोरम काढला. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा कट्टा. कुणीही यावं, नाव नोंदवावं, प्रश्न टाकावा, इतरांनी उत्तरं द्यावीत. विषय होता घरात काचेच्या टाकीत मासे पाळणं आणि कट्ट्याचं नाव 'आमची टाकी'. आमच्याकडे पाण्याची जी बोंब होती ती पाहता पहिले काही सभासद टँकरबद्दल तक्रार करायला आले, ते सांगायला नकोच. बोरकरांनी त्यांनाही जाऊ दिलं नाही. एकेक गप्पी मासा गळ्यात मारला.

मला त्यांनी परस्पर मॉडरेटर करून टाकलं. मॉडरेटर म्हणजे भांडणं सोडवणारा. ते स्वतः एडमिन, म्हणजे फोरमचे मालक. माझा माशांशी संबंध ताटापुरता. पण मजा अशी, की खुद्द बोरकरांचाही तेवढाच होता. टाकी त्यांच्या हॉलमध्ये होती हे खरं, पण ती त्यांच्या मुलाची, नितीनची. तो घरात असेपर्यंत "हे डबकं काढ इथून" हे वाक्य मी समोरच्या दारातून आठवड्यातून एकदा तरी ऐकत असे. नितीन नोकरीला बाहेर गेला आणि हाच माणूस माशांच्या शेपट्यांना लागणाऱ्या बुरशीवर पुस्तकं आणून वाचू लागला. रविवारी सभासदांना घेऊन जवळच्या चेणे गावच्या ओढ्यावर पाणवनस्पती गोळा करायला जाऊ लागला. मला वाटलं, निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणाला होमिओपॅथी लागते, यांना मासे लागले.

फोरमला जागा एका परदेशी कंपनीनं फुकट दिली होती. फुकट म्हणजे काय, तर पानाच्या डोक्यावर कंपनी आपली जाहिरात टांगणार. त्या जाहिरातीला बॅनर म्हणायचं. ती सगळ्यांना एकच दिसत नसे. कंपनीचं यंत्र पानावरचे शब्द वाचायचं, वाचणारा कुठल्या देशात, कुठल्या गावात बसलाय ते ओळखायचं आणि त्या हिशेबानं ज्याला त्याला वेगळी जाहिरात दाखवायचं.

इतर फोरमवाले या बॅनरला शिव्या घालत. आमच्याकडे त्याचा मान मोठा. बोरकरांचा पहिला नियमच असा, की कुणीही काहीही लिहिण्याआधी वर कुठली जाहिरात दिसतेय ते सांगायचं. मग मासा. त्यामुळे आमच्याकडची पत्रं अशी असत: "वर: विरारला स्वस्तात फ्लॅट. माझा गोल्डफिश सकाळपासून उलटा पोहतोय, काय करू?" ज्यानं वरची ओळ लिहिली नाही त्याला बोरकर उत्तर देत नसत. मासा उलटा पोहो, नाहीतर सुलटा.

बॅनरमध्ये एकदा झळकलं, 'अभिनंदन! तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे आहात, बक्षीस घेऊन जा.' बोरकर हरखले. आपल्याकडे एवढे लोक येतात हे त्यांना माहीतच नव्हतं. बक्षीस मात्र त्यांनी घेतलं नाही. "मालकानं आपल्याच दुकानातली लॉटरी घ्यायची नसते," म्हणाले आणि ते बक्षीस खऱ्या हकदाराला मिळावं म्हणून सभासदांना एकेक करून फोन करत बसले. बसले म्हणजे, चालत राहिले.

हे सगळं सुखानं चाललं असतं, पण यंत्राला मासा आणि मासा यातला फरक कळत नव्हता. पानावर सगळीकडे माशांची नावं, तेव्हा त्यानं खुशाल मासळीच्या जाहिराती टांगायला सुरुवात केली. नालासोपाऱ्याच्या एका बाईंचा एंजल मासा मेला. बिचाऱ्यांनी हुंदके देत लिहिलं, सगळ्यांनी सांत्वन केलं, आणि त्या सांत्वनाच्या डोक्यावर लाल अक्षरात 'ताजी सुरमई, साफ करून घरपोच'.

त्यावर सगळ्यात जास्त कोण भडकलं असेल, तर जिग्नेशभाई. भाईंदरला केबिन रोडवर त्यांचं मत्स्यालयाच्या सामानाचं दुकान. माणूस कांदा-लसूणही न खाणारा. "बोरकरसाहेब, हे काय आहे? मी सकाळी पूजा करून फोरम उघडते, तर समोर फिश फ्राय! कितना पाप लगेगा मेरे को?"

आणि त्यांनी तोडगाही आणला. कंपनीला वर्षाची फी भरली की तिचे बॅनर बंद होत असत. फी जिग्नेशभाई भरणार. बदल्यात पानाच्या डोक्यावर एकच जाहिरात राहील, त्यांच्या दुकानाची. दोन गोल्डफिश, मध्ये दुकानाचा पत्ता. सभासदांना सामानावर सवलत. सगळे खूश झाले. मी तर सुटकेचा निःश्वास टाकला.

बोरकर म्हणाले, "नाही."

"का?"

"बॅनर जाणार नाही."

कारण विचारलं की दर वेळी नवं. कधी म्हणत, फुकट जागा देणाऱ्याशी बेइमानी नको. कधी म्हणत, जाहिरातीतून जगाचं ज्ञान होतं. एकदा म्हणाले, सुरमईची जाहिरात बघून आपले मासे शिस्तीत राहतात. लोक चिडले. जिग्नेशभाईंनी मतदान मागितलं आणि बहुमत मानलं नाही तर आम्ही सगळे दुसरा फोरम काढू, असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे आता प्रश्न सरळ होता. बॅनर तरी जाणार, नाहीतर माणसं तरी. बोरकरांना माणसं गेलेली चालणार होती. मला या माणसाचा खरोखर राग आला. एवढा उभा केलेला कट्टा एका भिकार जाहिरातीपायी मोडायचा?

जाब विचारायला मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. बोरकर काँप्युटरसमोर उभे होते आणि त्यांच्या हातात नितीनच्या शाळेतला जुना नकाशासंग्रह होता. पडद्यावर 'ब्लॅक मॉली' या टोपणनावाच्या सभासदाचं पत्र होतं. "वर: बर्फातल्या टायरवर सूट. भाषा कळत नाही, ओ अक्षरावर तिरकी रेघ आहे. एडमिन, प्लॅटी माशांना पालक उकडून द्या." बोरकरांचं बोट नकाशावर युरोपच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या काठाकाठानं फिरत होतं. मला बघताच त्यांनी नकाशासंग्रह मिटला आणि कुणी रागे भरल्यासारखे जिन्यानं खाली निघून गेले.

मी बोरकरांच्या बायकोकडे, मंदावहिनींकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"भावजी, नितीन बोटीवर आहे हे तुम्हाला ठाऊक असेल ना?" त्या म्हणाल्या.

मला फक्त बाहेर आहे एवढंच ठाऊक होतं. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. बोरकरांनी त्याच्यासाठी ओळखीनं चांगली ऑफिसातली जागा बघून ठेवली होती, आणि पोरगं म्हणालं मला स्वयंपाक करायचाय. "मग जा, बटाटे सोल जगभर," असं बोरकर म्हणाले, आणि पोरगं गेलं. तेव्हापासून बापलेकांत एक शब्द नाही. रविवारी तो बंदरावरून आईला फोन करायचा. फोन वाजला की बोरकर गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

"यांनी फोरम काढला ते मीच त्याला सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "मग हा ब्लॅक मॉली आला. पहिल्याच दिवशी यांना लिहिलं, टाकी खिडकीतून हलवा, ऊन लागून शेवाळ धरतं. आता सांगा, आमची टाकी खिडकीत आहे हे परक्या माणसाला कसं कळावं? यांनी वाचलं आणि मुकाट्यानं टाकी हलवली. एकट्यानं. कंबर धरली होती आठ दिवस."

"आणि ते दोघं एकमेकांना—"

"एडमिनसाहेब आणि ब्लॅक मॉली. 'आपला सल्ला उपयोगी पडला, आभारी आहे.' असं चाललंय."

मला एकदम सगळे बॅनर दिसू लागले. माझं लग्नाचं मंडळ, विरारचे फ्लॅट, सुरमई. आम्हा सगळ्यांना वर काय दिसतं ते या माणसाला काडीइतकंही नको होतं. एकाच्या पानाच्या डोक्यावर काय दिसतंय, म्हणजे तो कुठल्या देशात आहे, तेवढं कळावं, आणि त्याला एकट्याला विचारलं असं होऊ नये, म्हणून त्यानं सगळ्यांनाच कामाला लावलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि राग तर आणखीच आला. अरे, तोंडानं विचार ना! निदान बायकोला विचार.

"तुम्ही का नाही सांगत त्यांना, तो कुठे आहे ते?" मी वहिनींना म्हटलं.

"त्यांनी विचारल्याशिवाय? मीही बोरकरांचीच बायको आहे, भावजी."

मतदान रविवारी सकाळी संपायचं होतं. जिग्नेशभाई नव्या बॅनरचं चित्र सीडीवर घेऊन बोरकरांच्या घरी हजर झाले. मीही गेलो. बोरकर इतके फिरत होते की जिग्नेशभाईंनी शेवटी पाय वर घेतले. एकेक मत येत होतं. बॅनर नको. नको. नको. सुरमईवाल्या बाईंनी तर तीन उद्गारचिन्हं टाकली होती. बोरकर प्रत्येक मत वाचायचे, गॅलरीपर्यंत जायचे, परत यायचे. मी आदल्या दिवशीच 'बॅनर राहू दे' असं मत द्यायला गेलो होतो, तर कळलं की मॉडरेटरला मतच नाही. नियम बोरकरांचाच.

शेवटचं मत ब्लॅक मॉलीचं आलं.

"वर: सायकलींवर सूट. एका सायकलवर आई, दोन पोरं आणि कुत्रा. माझं मत: बॅनर काढू नये."

बोरकर थांबले. खरोखरच थांबले.

"ठराव नामंजूर," ते म्हणाले.

"अरे, ऐसे कैसे?" जिग्नेशभाई उठलेच. "सगळे एका बाजूला, अगेन्स्टमध्ये एकच मत!"

"एक पुरे."

"ये कौनसी लोकशाही है? तो कोण आहे ब्लॅक मॉली? त्याने कधी माझ्याकडून एक दाणा खाना घेतला नाय!"

बोरकर म्हणाले, "माझा मुलगा आहे."

जिग्नेशभाईंनी सीडी पिशवीत घातली. "सुरमई मात्र मी डोळा बंद करून वाचेन हां," एवढंच म्हणाले. चांगला माणूस होता. त्यांनी दुसरा फोरम काही काढला नाही.

ते गेल्यावर मीही चप्पल शोधू लागलो. तेवढ्यात बोरकर स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत वहिनी आमटीला फोडणी देत होत्या. चौकटीला हात लावून ते एखाद्या परक्या घरी आल्यासारखे उभे राहिले.

"मंदा, नितीन... सध्या हॉलंडलाच आहे ना? मला आपलं तसं वाटलं. सायकली म्हणजे हॉलंडच असणार."

वहिनींनी गॅस बारीक केला.

"मला काय माहीत?"

"म्हणजे? दर रविवारी बोलतेस की त्याच्याशी."

"बोलते. काय जेवला ते सांगतो, थंडी किती आहे ते सांगतो. कुठे आहेस विचारलं की मात्र कधी सांगत नाही. म्हणतो, बाबांना विचार, त्यांना माहीत असतं."