जड डबा

“सून गरीब हाय गं माजी. तोंडातून शब्द नाय, आनि नाद तर कसलाच नाय.”

अंगणातल्या बांबूंवर बोंबील वाळत घालता घालता मंजुळाबाई शेजारच्या नलूला सांगत होत्या. नलूने काय विचारलं होतं ते खिडकीआड उभ्या दीपालीला ऐकू आलं नाही. उत्तर तेवढं नीट ऐकू आलं. लग्न होऊन घिवलीत आल्यापासून सासूकडून मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र. ते ऐकून तिला धडकीच भरली. कारण आतल्या खोलीतला गेमिंग कॉम्प्युटर तिचा होता.

पालघरहून रुखवताबरोबर तो टेम्पोतून उतरला तेव्हा सासरे, कमलाकांत, यांनी “ह्यो कुनाचा?” म्हणून विचारलं आणि रूपेशने नवरेपणाच्या पहिल्या उत्साहात “माजा” म्हणून टाकलं. तेव्हापासून बापलेक बोटीवर गेले की दीपाली दुपारी हेडफोन लावून शत्रू टिपायची, आणि बोट आली की चहा टाकायची. (चांगली सून व्हायला फारसं काही लागत नाही, आधण वेळेवर ठेवलं की झालं.)

मग खाऱ्या हवेने कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, गेला. नवा आणायला ती रूपेशबरोबर बोईसरला निघाली, तर बोटीच्या इंजिनाचा पट्टा हवाय म्हणून कमलाकांतही निघाले. म्हणजे दुकानात बोलणार रूपेश, आणि माहिती सगळी दीपालीकडे. वाटेत दोघांनी हळूच ठरवलं: तिने त्याची बाही एकदा ओढली तर घ्यायचं, दोनदा ओढली तर नाही.

दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक साडेसहाशे वॅटचा, तिला हवा तोच. दुसरा बिननावाचा. त्यावर मोठ्या अक्षरांत हजार वॅट, आणि खाली बारीक अक्षरांत जे आकडे होते ते त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हते.

कमलाकांतांनी कुठलीच अक्षरं वाचली नाहीत. दोन हातांत दोन डबे घेऊन डोळे मिटले. जन्मभर नांगर, इंजिन आणि घोळ मासा त्यांनी असाच पारखला होता.

“ह्यो हलका हाय.” साडेसहाशेचा डबा त्यांनी बाजूला सारला. “दर्यात हलका इंजिन कोन नेतो?”

“बाबा, पन हिच्या... माज्या कॉम्प्युटरला...”

“तुला काय कळतं त्यातलं?”

दीपालीने बाही ओढली. एकदा, दोनदा, आणि रूपेश ढिम्म हलेना म्हणून जीव खाऊन तिसऱ्यांदा. तिसऱ्याबद्दल काही ठरलंच नव्हतं. रूपेशने मनाशी विचार केला: दोनदा म्हणजे नाही, त्यावर एकदा म्हणजे घ्यायचं, शेवटचं तेच खरं.

“जड द्या,” तो म्हणाला.

घरी डबा बसला. नव्या इंजिनाला फोडतात तसा कमलाकांतांनी नारळ फोडला, कुंकू लावलं. दीपालीला तेव्हाही बोलता आलं असतं. पण सासूचं ते ऐकलेलं वाक्य जिभेवर ठाण मांडून बसलं होतं. एवढी स्तुती माणसाला कितीदा मिळते, आणि तीही नुसतं गप्प बसून?

रूपेशने गेम लावला. पडद्यावर पहिला बॉम्ब पडायच्या आत डबाच फुटला. धूर निघाला, घरभरची वीज गेली, पंखे थांबले, पापलेटांचा फ्रीजर बंद पडला.

कमलाकांतांनी स्क्रू काढले. आत मूठभर तारा, आणि तळाला चिकटवलेला लोखंडाचा गोळा. तो त्यांनी हातावर तोलला.

“जाळ्याला बांदायला बरा हाय,” ते शेवटी पुटपुटले. मग आवाज चढला. “ह्यो सगळा पसाराच भंगारात दे, रूपेश. सुनेला बघ जरा. तिला हाय का कसला नाद?”

रूपेशने मान खाली घातली. तिचं नाव न घेता तो स्क्रू गोळा करू लागला.

मंजुळाबाई फ्रीजरवर गोणपाट टाकत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, “तुमी दोगं दर्यात असता तेवा दुपारी ‘मागं बघ, मेला, मेला’ करून कोन बोंबलतं? नलू रोज इचारते. मी सांगते, टीवी हाय. सून तर गरीब हाय माजी.”

हेडफोन लावले की जगाचा आवाज ऐकू येत नाही. स्वतःचाही येत नाही, हे दीपालीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता सगळे तिच्याकडे बघत होते. गोळा अजून सासऱ्यांच्या हातातच होता.

“बाबा, उद्या मीच जाते, हलका डबा घेऊन येते,” ती म्हणाली. “आणि आई, तोवर नलूमावशींना सांगा, टीव्ही बिघडलाय.”